उल्कावर्षाव आणि म्हातारीचे कान

६ ऑक्टोबर

आज मला पाऊस पाडायची आज्ञा झाली. पाण्याचा नव्हे, उल्कांचा.

आधी नीट लिहून ठेवते, नाहीतर कशावरून चिडले होते ते उद्या मीच विसरेन. म्हातारी हा आमचा सगळ्यात जुना उपग्रह. समुद्रात बोट बुडायला लागली की बोटीवरची एक छोटी पेटी वर आकाशात हाक मारते. ती ऐकायची आणि किनाऱ्यावर कळवायची, एवढंच म्हातारीचं काम. तिच्या जागी नवा उपग्रह जाईल तो पुढच्या वर्षी. तोवर एवढ्या मोठ्या समुद्राला हेच काय ते कान. आणि पुढच्या महिन्यात पृथ्वी एका धूमकेतूच्या धुळीतून जाणार आहे. यंदा धूळ दाट आहे. कण वाळूएवढे, पण वेग असा की लागेल तिथे भोक, आणि यंत्र चालू असलं तर वीज भलतीकडे उडी मारून आतलं सगळं जाळते.

उपाय दोन. एक, धूळ संपेपर्यंत म्हातारीला पूर्ण बंद करायचं. पण तिचा हीटर इतका जुना आहे की एकदा गार पडली तर पुन्हा उठेल असं कोणी छातीठोकपणे सांगत नाही. दुसरा, तिला चालू ठेवायचं, पण आडवी वळवायची, म्हणजे उन्हावर वीज करणारे तिचे रुंद पंख धुळीसमोर पसरलेले न राहता सुरीच्या धारेसारखे राहतील. कोणता उपाय बरा, हे ठरवायला सराव-यंत्रात हुबेहूब वर्षाव पाहिजे. तो करायचा मी.

सराव-यंत्र माझ्या ताब्यात असतं. खोली उपग्रह चालवतात त्या खऱ्या नियंत्रण-कक्षासारखी, टेबलं तशीच, पडदे तसेच, फक्त उपग्रह खोटा. कक्षातल्या लोकांना तिथे बसवायचं आणि काचेच्या मागून मी त्यांच्यावर संकटं सोडायची. म्हणून मला सगळे साडेसाती म्हणतात. तोंडावर म्हणतात. मला आवडतं.

न आवडणारी गोष्ट एकच, हे काम कक्षप्रमुखांच्या हाताखाली आहे. त्यांना मी ह्या वहीत कारलं म्हणते. तुपात तळा, साखरेत घोळा, कडू ते कडूच.

९ ऑक्टोबर

सासरे न्हाणीघरात घसरले. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, धोका नाही, पण दोन-तीन आठवडे दवाखाना. मी आणि नवरा पाळी लावून जातो. मामंजी डॉक्टरांना सांगत होते की फरशी चुकीच्या उताराची होती. आयुष्यात त्यांचं कधी काही चुकलेलं नाही.

१४ ऑक्टोबर

पाऊस पाडला!

काय देखणा झाला म्हणून सांगू. सराव-कक्षाच्या मोठ्या पडद्यावर काळं आकाश, आणि त्यातल्या एका ठिपक्यातून रेघा फुटतायत, चारी दिशांना, वर, खाली, डोक्यावरून मागे. निरीक्षकांच्या पुस्तकात लिहिलंय तस्साच. बॅटरीवाली, म्हणजे कक्षात विजेचा हिशेब बघते ती मुलगी, तोंड उघडं टाकून बघत बसली. दिशावाला, उपग्रहाला वळवण्याचं काम त्याचं, त्याने फोनवर फोटो काढले. हिशेब विभागातले लोकही डोकावून गेले.

कारलं पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. मिनिटभर रेघा सुटतायत, लोक वा वा म्हणतायत, आणि हे शांतपणे मला विचारतात, "सुरू झालं का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नसेल आवडलं तर तसं सांगा ना. अपमान करायची ही कुठली रीत?

१८ ऑक्टोबर

चार दिवस म्हातारीला वर्षावातून नेतेय. शेकडो वेळा नेली. सरळ ठेवली, आडवी वळवली, तिरकी केली. पंखांना कण लागतातच, कधी या कुशीवरून, कधी त्या. वळवून काडीचा फायदा नाही. मला स्वतःलाच नवल वाटलं, पण आकडे काही माझे नातेवाईक नाहीत, ते असतील तसेच सांगायचे.

अहवाल लिहून कारल्याला दिला. त्यांनी तो उघडला नाही. टेबलावर ठेवला, वर हात ठेवला आणि म्हणाले, वाचून दाखवा. सगळ्यांसमोर! पहिलीतल्या पोरीसारखी उभी राहून मी आठ पानं वाचली. मध्येच थांबवून एक आकडा तीनदा वदवून घेतला. बॅटरीवाली माझ्याकडे कणवेने बघत होती, त्याचा जास्त राग आला.

२१ ऑक्टोबर

बैठक झाली. संचालकबाईंनी माझे आकडे ऐकले आणि निर्णय दिला, म्हातारीला बंद करायचं. धूळ पाच तास. पाच तास समुद्र बहिरा, आणि हीटरने दगा दिला तर वर्षभर. किनाऱ्यावरच्या बचाव केंद्रांना तसं कळवायचं पत्र तयार करायला सांगितलं.

कोणी वाद घातला नाही. दिशावाला एवढंच म्हणाला, की नोकरीला लागलो तेव्हापासून रोज सकाळी पहिली तिचीच खुशाली विचारतो. मग तो चहा घ्यायला म्हणून उठला तो परत आला नाही.

माझा शब्द मानला गेला, तेव्हा मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. घरी येऊन नवऱ्यावर ओरडले, भांडी जोरात आपटली. तो बिचारा म्हणाला, अगं मी काय केलं? काही नाही रे बाबा. समोर होतास, एवढंच.

२३ ऑक्टोबर

काखेत कळसा आणि गावाला वळसा! आजच लिहिणार.

मामंजींना एक्स-रेला न्यायचं होतं. चाकाची खुर्ची मीच ढकलत होते. दवाखान्याची ती बोळ लांबलचक आहे, छताला दिव्यांच्या चार रांगा. डोक्यात म्हातारी, म्हणून माझा पाय भरभर पडत होता. मामंजी मान मागे टाकून बसले होते. म्हणाले, "सूनबाई, हळू चल. हे दिवे त्या टोकाच्या दारातून निघतायत आणि माझ्या अंगावर पसरतायत."

मी म्हटलं, अहो मामंजी, दारातून कुठले निघतात, ते आपले सरळ रांगेत आहेत, एकमेकांना धरून. लांबून तुम्हाला फक्त तसं...

आणि मी तिथेच थांबले. मागून येणाऱ्या परिचारिकेची ट्रॉली माझ्या टाचेवर आदळली.

उल्कासुद्धा सरळ रांगेतच धावतात! सगळ्या एका दिशेने, समांतर. एका ठिपक्यातून फुटल्यासारख्या दिसतात त्या बघणाऱ्याला, रूळ लांबवर मिळाल्यासारखे दिसतात तसं. आणि मी शहाणीने काय केलं होतं? आकाशात खरोखरच तो ठिपका बसवला आणि त्यातून खराच फवारा सोडला, पडद्यावर चित्र पुस्तकासारखं दिसावं म्हणून. दिसलंही. दुरून डोंगर साजरे! त्या खोट्या फवाऱ्याचे कण म्हातारीला दहा बाजूंनी लागत होते, मग वळवून उपयोग होईलच कसा? खरी धूळ एकाच बाजूने येणार. धार तिकडे केली की संपलं.

एक्स-रेच्या दारातून नवऱ्याला फोन लावला, ताबडतोब ये. मामंजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की सून मला वाटेत टाकून निघाली. खरं होतं ते.

२४ ऑक्टोबर

पहाटेपासून बसून फवारा काढला, धूळ समांतर केली. चित्र आता तेवढं देखणं नाही. पण म्हातारी आडवी केली की पंखांना लागणारे कण जवळजवळ नाहीसेच होतात. पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं. तेच.

मग आली परीक्षा. ज्या खोलीत परवा तोऱ्यात वाचलं, तिथेच जाऊन सांगायचं की माझं चुकलं. हात दाखवून अवलक्षण. संचालकबाईंसमोर मी पडदा लावायला गेले, तर कारलं म्हणालं, "चित्र नको. शब्दांत सांगा."

दात-ओठ खात सांगितलं. बोळ सांगितली, दिवे सांगितले, मामंजीसुद्धा सांगितले. चित्र नसल्यामुळे एकेक वाक्य तासून सांगावं लागलं. संचालकबाईंना पहिल्या दमात समजलं. कारल्याने नवा आकडा दोनदा वदवून घेतला. मग म्हणाले, चूक कळल्यावर चोवीस तासांत सांगायला आलात, हे मला पुरेसं आहे. हे कौतुक होतं की टोमणा, देव जाणे.

संचालकबाईंनी अट घातली. कक्षाने सराव-यंत्रात सलग तीन वेळा म्हातारीला सुखरूप पार न्यायचं. जमलं तर चालू ठेवू, नाहीतर बंद.

२७ ऑक्टोबर

नाही जमत. सकाळपासून चार वेळा मेली म्हातारी.

अडचण अशी. एखादा कण निसटता लागतोच. म्हातारी कलते, कलली की घाबरते. उपग्रह घाबरला की एकच करतो, सगळी कामं टाकून पंख उघडे करून सूर्याकडे तोंड करतो. एरवी शहाणपणाचं आहे ते, ऊब मिळते, वीज मिळते. पण यंदाची धूळ सूर्याच्याच बाजूने येणार. म्हणजे घाबरून ती नेमकी मरणाच्या समोर छाती काढून उभी राहते. तिला अडवायला जेमतेम मिनिट मिळतं. तेवढ्यात कळायला हवं की हा नुसता धक्का आहे की खरा बिघाड. खरा बिघाड असताना अडवलं तरी ती जाते.

वर कारल्याने नवं काढलं. म्हणाले, संकटं यंत्राला आपोआप सोडू द्या आणि तुम्ही माझ्या खुर्चीत बसा. मी? मी साडेसाती, मी कशाला खुर्चीत? तर म्हणे, दुसऱ्यांना बुडवणं सोपं असतं.

बसले. पाचव्यांदा मेली.

३० ऑक्टोबर

रोज मी त्या खुर्चीत आणि कारलं पाठीमागे उभं. एकच धोशा, आकडे मोठ्याने. बॅटरी किती, मोठ्याने. कल किती, मोठ्याने. नुसतं मी नाही, सगळ्यांनी. अहो पडदा आहे ना समोर? आज चहाचा कप टेबलावर ठेवतायत असं वाटलं, तर टेबलाच्या बाहेरच सोडला. सगळा माझ्या मांडीवर. माफी मागितली खरी, पण नजर कुठेतरी भलतीकडेच. माझ्याकडे बघायचंसुद्धा जिवावर येतं.

नवऱ्याला म्हटलं, त्या माणसाने माझा छळ मांडलाय. तो म्हणाला, छळणारा माणूस स्वतःची खुर्ची देत नाही. ह्याला ऑफिसातलं काय कळतं?

४ नोव्हेंबर

तीन वेळा! सलग!

आणि कशामुळे ते लिहिणं भाग आहे, कडू घोट असला तरी. आकडे मोठ्याने म्हटल्यामुळे. एरवी प्रत्येक जण आपापल्या पडद्यात डोकं घालून असतो, बॅटरीवालीला कल माहीत नसतो, दिशावाल्याला बॅटरी. आता सगळ्यांच्या कानावर सगळं पडतं. धक्का बसला की तिघांचे आकडे एका दमात कानात, आणि उत्तर आपोआप तोंडात येतं. तिसऱ्या वेळी यंत्राने दोन संकटं एकदम सोडली तरी म्हातारी हूं की चूं न करता पार.

संचालकबाई मागे येऊन उभ्या होत्या, आम्हाला पत्ताच नाही. म्हणाल्या, बचाव केंद्रांना लिहिलेलं ते पत्र फाडून टाका. बॅटरीवालीने मला मिठी मारली. साडेसातीला मिठी मारणारी ही पहिलीच.

मामंजीही घरी आले. काठी घेऊन चालतात. फरशीचा उतार बदलून हवाय.

६ नोव्हेंबर

कारल्याने, नाही, आज हे नाव लिहवत नाही. सरांनी खोलीत बोलावलं, दार लावायला सांगितलं.

म्हणाले, "मला आकडे दिसत नाहीत हो. उन्हाळ्यापासून सगळं धुकंच आहे."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एक तर पार पिकलेला. मधुमेह आवरल्याशिवाय डॉक्टर हात लावायला तयार नव्हते. आता पुढच्या आठवड्यात ऑपरेशन, दिसायला लागेल म्हणालेत. संचालकबाईंना त्यांनी सहा ऑक्टोबरच्या आधीच सांगितलं होतं की वर्षावाच्या दिवशी मी खुर्चीत बसणार नाही. तिथे कोण, असं विचारल्यावर माझं नाव दिलं होतं. मला का सांगितलं नाही, विचारलं. म्हणाले, सांगितलं असतं तर तुम्ही माझी दया करत बसला असता, आणि मला तुमचा राग हवा होता, रागात तुम्ही फार चांगलं काम करता.

मी तिथे त्यांच्यासमोर रडले. सरळ रडले, लपवायचं तरी कोणापासून. माझा तो देखणा पाऊस त्यांना दिसलाच नव्हता.

मग मला भीती वाटली. खोटी म्हातारी मेली तर बटण दाबून परत जिवंत करता येते. नऊ तारखेला खरी आहे.

९ नोव्हेंबर

आता घरी आहे, अंघोळ झाली, जेवण झालं. क्रमाने लिहिते.

धूळ भर दुपारी लागणार होती. सकाळी निघताना नवऱ्याने विचारलं, गच्चीतून काही दिसेल का? म्हटलं, लख्ख उन्हात उल्का बघायच्या तर माझ्याच यंत्रात बघ. मामंजी काठी आपटत दारापर्यंत आले आणि म्हणाले, भरभर चालू नकोस.

खुर्चीत मी. डावीकडे बॅटरीवाली, उजवीकडे दिशावाला. सर मागच्या भिंतीशी स्टूल टाकून, डोळे मिटून. म्हातारीला आडवं केलं. पंखांवर ऊन पडेनासं झालं, आता पाच तास नुसत्या बॅटरीवर. एकेक काम बंद करत गेलो. चालू राहिलं ते दोनच, हीटर आणि कान.

पहिले चार तास आकडे म्हणत बसलो. बॅटरी अमुक, कल शून्य. घसा कोरडा पडला. मग पाचव्या तासाला कल शून्य नाही आला. दिशावाल्याचा आवाज चढला. धक्का! म्हातारी गिरकी घ्यायला लागली, आणि पडद्यावर ती लाल ओळ आली, सूर्याकडे वळते म्हणून. बॅटरीवाली म्हणाली वीज स्थिर, दिशावाला म्हणाला तिला वळवणारी आतली चाकं ठीक. मी म्हटलं, "घाबरू देऊ नका तिला. अडवा." हुकूम गेला. ओळ गेली. इतकं सोपं वाटलं की मलाच खरं वाटेना.

पण तिला पुन्हा आडवी करताना चाकांनी बॅटरी चांगलीच ओढली. बॅटरीवालीने हिशेब केला, पांढरीफटक पडली. एवढ्याने शेवटपर्यंत पुरत नव्हतं. कान बंद केले तर पुरेल, ती म्हणाली, शेवटचा अर्धा तास फक्त. अर्ध्या तासाने काय होतंय? मीही तोंड उघडलं होतं हो म्हणायला.

आणि उजव्या कोपऱ्यातला दिवा लागला. हाक. समुद्रातून, कुठल्यातरी बोटीची.

एका हाकेने बोट सापडत नसते. म्हातारी पुढे सरकत राहते आणि तीच हाक पुन्हा पुन्हा ऐकते, तेव्हा कुठे जागा पक्की होते. कान आत्ता मिटले तर कळणार एवढंच, की एवढ्या समुद्रात कोणीतरी बुडतंय.

मी मागे वळून सरांकडे पाहिलं. त्यांनी डोळे उघडले नाहीत. फार राग आला, आणि तो कामाला आला. म्हटलं, अंगाचं तापमान सांगा, मोठ्याने. बॅटरीवालीने सांगितलं. सरावात असायचं त्यापेक्षा बरंच जास्त होतं, म्हातारी अजून उबदार होती. म्हटलं, कान चालू. हीटर बंद करा.

दिशावाला गर्रकन वळला. हीटर? तो पुन्हा लागला नाही तर? म्हटलं, नाही लागला तर मी जबाबदार. करा.

बंद केला. त्यानंतरचा अर्धा तास मला आठवतो तो नुसता बॅटरीवालीच्या आवाजात. बॅटरी. तापमान. बॅटरी. तापमान. दोन्ही उतरतायत आणि कोपऱ्यातला दिवा मिणमिणतोय. हाक पुन्हा आली. पुन्हा आली. ह्या अर्ध्या तासात मी नास्तिकपणा सोडून दिला होता, आत्ता परत धरलाय.

धूळ संपली. दिशावाल्याने म्हातारीला सूर्याकडे वळवलं, हळूच, आजारी माणसाची कूस बदलावी तसं. पंखांत वीज आली. मी म्हटलं, हीटर लावा.

काही नाही. पुन्हा लावा. काही नाही. बॅटरीवाली तापमान वाचता वाचता रडायला लागली, पण वाचायची थांबली नाही, शाब्बास पोरी. तिसऱ्यांदा लावा. आणि ती म्हणाली, "स्थिर... वाढतंय. वाढतंय!"

खोलीत जो कल्ला झाला! दिशावाला खुर्चीवर उभा राहिला. संचालकबाई फायली टाकून टाळ्या वाजवत होत्या. मी खुर्चीतच बसून राहिले आणि हसत सुटले. जीव भांड्यात पडला. सर चाचपडत पुढे आले, माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, हीटर मला सुचला नसता. नुसतं सांत्वनासाठी खोटं बोलायची त्या माणसाला सवयच नाही.

जिंकले! वहीत तरी लिहू दे. मी जिंकले, आम्ही सगळे जिंकलो.

१० नोव्हेंबर

सकाळी किनाऱ्यावरच्या बचाव केंद्राचा फोन आला. रोजचाच फोन असतो, आदल्या दिवशी कळवलेल्या हाकांचं काय झालं ते सांगतात. कारकुनाचा आवाज झोपाळलेला. दुपारची हाक, म्हणाला, मासेमारी बोट, तळ फुटला होता. जागा बरोबर मिळाली. बोट गेली. माणसं पाण्यात तरंगत होती, सगळी हाती लागली. किती, मी विचारलं. कागद चाळल्याचा आवाज आला. अकरा, तो म्हणाला, आणि पुढच्या हाकेकडे वळला. मी त्याला थांबवलं. पुन्हा सांगा. तो वैतागला. अकरा हो बाई, अकरा.

मी फोन ठेवला आणि कक्षात जाऊन सांगितलं, मोठ्याने. बॅटरीवाली खाली बसली. कान बंद करा म्हणाले होते मी, म्हणाली. म्हटलं, मीही म्हणणारच होते, आता त्याचा विचार करायचा नाही. मग दोघींनी मिळून म्हातारीची खुशाली विचारली. ऊब ठीक, वीज ठीक, डाव्या पंखाला दोन भोकं, कान शाबूत.

आज संध्याकाळी अकरा माणसं आपापल्या घरी जेवत असतील. त्यातल्या एकालाही म्हातारी माहीत नाही, तिच्यासाठी इथे कोण रडलं आणि कोण खुर्चीवर चढून नाचलं तेही माहीत नाही. नसू दे. पोटभर जेवा म्हणावं.